फ्लूची साथ कोण मोजतं, कशी मोजतं आणि पुढे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून दोनदा, एकदा संक्रांतीनंतर आणि एकदा पावसाळा मध्यावर आला की, जवळजवळ तेच प्रश्न येतात. 'रुग्ण वाढले' अशी बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी जरा जास्तच. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. उत्तरं भारतातल्या व्यवस्थेला धरून आहेत, आणि राज्यानुसार फरक पडतो तिथे महाराष्ट्राला धरून. हे पान यंत्रणा समजून घेण्यासाठी आहे. स्वतःच्या तापाचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

१. फ्लू म्हणजे जोराची सर्दीच ना? त्यावर सरकारने लक्ष ठेवण्यासारखं काय आहे?

सर्दी कितीतरी वेगवेगळ्या विषाणूंमुळे होते. फ्लू मात्र इन्फ्लुएन्झा नावाच्या एकाच कुळातल्या विषाणूंमुळे होतो. सर्दी हळूहळू चढते. फ्लूमध्ये माणूस दुपारी कामावर असतो आणि संध्याकाळी अंगदुखीने अंथरूण धरतो. बहुतेकजण आठवड्याभरात उठून बसतात, पण गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले यांच्यात तो फुप्फुसात उतरू शकतो. लक्ष ठेवायचं दुसरं कारण विषाणूच्या स्वभावात आहे: तो सतत बदलत राहतो. म्हणून गोवर किंवा पोलिओसारखा एकदा बंदोबस्त करून मोकळं होता येत नाही.

अडचण अशी, की नुसतं बघून फ्लू कोणता आणि कोविड, आरएसव्ही किंवा ॲडिनो कोणता हे भल्याभल्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे यंत्रणा सुरुवातीला आजाराचं नाव शोधतच नाही, ती लक्षणं मोजते. गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि सोबत खोकला असेल तर तो 'फ्लूसदृश आजार', म्हणजे आयएलआय. अशाच ताप-खोकल्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर 'सारी'. हा दुसरा शब्द कोविडच्या काळात वर्तमानपत्रांतून सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

२. स्वाइन फ्लू २००९ मध्ये आला आणि गेला. मग अजून अहवालात एच१एन१ कसा?

तो गेलाच नाही, मुरला. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत हा नवा विषाणू लक्षात आला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि १० ऑगस्ट २०१० रोजी ती संपल्याचं सांगितलं. संपली ती महासाथ. विषाणू माणसांतच राहिला आणि आता इतर हंगामी फ्लूंच्या पंगतीत बसला आहे. सध्या माणसांत प्रामुख्याने तीन प्रकार फिरतात: हा एच१एन१, दुसरा एच३एन२ (हे दोन्ही ए प्रकारातले) आणि तिसरा बी प्रकारातला व्हिक्टोरिया. बी-यामागाता नावाचा चौथाही होता. मार्च २०२० नंतर तो जगात कुठेच खात्रीशीरपणे सापडलेला नाही.

'स्वाइन' हे नाव विषाणूच्या जनुकांवरून पडलं. डुकराचं मांस खाऊन हा आजार होत नाही, आणि गल्लीतली डुकरं हाकलून तो जातही नाही.

३. देशात फ्लू वाढतोय हे सरकारला कळतं तरी कसं? घरोघरी तर कोणी विचारायला येत नाही.

तीन वाटांनी कळतं, आणि तिन्ही एकमेकींच्या त्रुटी भरून काढतात.

पहिली वाट रोजच्या नोंदीची. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. तो दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र चालवतं. यात तीन तक्ते असतात. उपकेंद्रातली आरोग्यसेविका केवळ लक्षणांवरून 'एस' तक्ता भरते, प्राथमिक आरोग्य केंद्रातले किंवा रुग्णालयातले डॉक्टर आपल्या निदानावरून 'पी', आणि प्रयोगशाळा तपासणीच्या निकालावरून 'एल'. म्हणजे एकच साथ तीन चाळण्यांतून जाते: खालची चाळणी ढोबळ पण लवकर सांगणारी, वरची बारीक पण उशिरा सांगणारी. पूर्वी हे कागद आठवड्यातून एकदा वर जायचे. एप्रिल २०२१ पासून देशभर एकात्मिक आरोग्य माहिती मंच हे संगणकीय व्यासपीठ आलं, नोंद त्याच दिवशी दिसू लागली आणि आजारांची यादी १८ वरून ३३ वर गेली.

दुसरी वाट पहारा-केंद्रांची. काही निवडक रुग्णालयांत येणाऱ्या आयएलआय आणि सारीच्या रुग्णांपैकी काहींचे नमुने वर्षभर, साथ असो वा नसो, तपासले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या विषाणू निदान प्रयोगशाळांचं जाळं हे काम करतं. कोरड्या महिन्यांतही तपासत राहणं अनेकांना फुकटचा खर्च वाटतो. पण नेहमीची पातळी माहीत नसेल तर वाढलेली ओळखणार कशी?

तिसरी वाट खबरींची. एखाद्या आश्रमशाळेत एकाच वेळी पन्नास मुलं तापाने झोपली, किंवा वर्तमानपत्रात 'गावात गूढ आजार' असं छापून आलं, तर ती बातमी उचलून संबंधित जिल्ह्याकडे खातरजमेसाठी पाठवली जाते. दिल्लीच्या केंद्रात यासाठी २००८ पासून वेगळा कक्ष आहे. माझ्या मते ही वाट सगळ्यात कमी लेखली जाते. तक्ते भरणारा माणूस रजेवर असू शकतो. गावातली कुजबुज कधी रजेवर जात नाही.

४. मला चार दिवस ताप-खोकला होता. डॉक्टरांनी स्वॅब घेतलाच नाही. मग माझी मोजणी झाली का?

सरकारी दवाखान्यात गेला असाल तर बहुधा 'एस' किंवा 'पी' तक्त्यात एक आकडा म्हणून झाली, फ्लूचा रुग्ण म्हणून नाही. कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात गेला असाल तर कदाचित कुठेच नाही.

आणि डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असं समजू नका. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णांचे तीन गट आहेत. 'अ' म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसादुखी: तपासणी नाही, फ्लूचं औषध नाही, घरी विश्रांती आणि माणसांपासून अंतर. 'ब' म्हणजे जोराचा ताप आणि घशाचा तीव्र त्रास, किंवा लक्षणं सौम्य पण रुग्ण जोखमीच्या गटातला (ते कोण, हे प्रश्न १ मध्ये आहे): तपासणीसाठी न थांबता गरजेनुसार औषध. 'क' म्हणजे धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळे पडणं: ताबडतोब दाखल करायचं, नमुना घ्यायचा आणि निकालाची वाट न बघता उपचार सुरू करायचे.

५. म्हणजे हे आकडे खोटेच की! छापता कशाला?

खोटे नाहीत, अपुरे आहेत. आणि तसे ते असणारच. शितावरून भाताची परीक्षा करायची तर सगळं पातेलं उपसावं लागत नाही. मात्र दर वेळी शीत त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने उचललं पाहिजे. मग पातेल्यात एकूण शितं किती हे सांगता आलं नाही तरी भात शिजला की नाही हे सांगता येतं.

एक उदाहरण घ्या. २०१५ मध्ये देशात एच१एन१चे ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. रुग्णांमागे मृत्यूचं प्रमाण काढलं तर सात टक्के येतं आणि अंगावर काटा येतो. पण त्यावरून 'स्वाइन फ्लू झालेल्या शंभरातले सात दगावतात' असं म्हणणं साफ चूक. प्रश्न ४ मध्ये पाहिलं तसं, तपासणी मुख्यतः 'क' गटाचीच होते. घरी बरे झालेले असंख्यजण छेदात धरलेलेच नसतात. म्हणून जाणकार एकूण आकड्यापेक्षा दोन गोष्टी बघतात: तपासलेल्या दर शंभर नमुन्यांत पॉझिटिव्ह किती, आणि मागच्या वर्षी याच आठवड्यात किती होते.

२०१९ मध्ये हेच आकडे २८,७९८ रुग्ण आणि १,२१८ मृत्यू असे होते, तर २०२० मध्ये रुग्ण तीन हजारांच्याही आत आले. मास्क आणि टाळेबंदीने फ्लू खरोखरच दबला, आणि शिवाय प्रयोगशाळा कोविडमध्ये गुंतल्याने फ्लूच्या तपासण्याही घटल्या. कशाचा वाटा किती, हे नुसत्या रुग्णसंख्येकडे बघून सांगता येत नाही.

६. स्वॅब घेतल्यावर तो जातो कुठे?

नाकातून आणि घशातून घेतलेला बोळा एका गुलाबी द्रावणाच्या नळीत बुडवून बर्फाच्या डब्यात ठेवतात. विषाणूचा आरएनए नाजूक असतो. नमुना २ ते ८ अंशांत राहिला नाही, किंवा दोन-तीन दिवसांत पोहोचला नाही, तर निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. बोळा नीट घेतला नसेल तर पुढची लाखमोलाची यंत्रंही काही करू शकत नाहीत. जवळच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर होते: आधी ए की बी, मग ए असेल तर एच१ की एच३.

त्यातले निवडक नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआयव्हीत, जातात. ही संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्यात भारताचं राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र म्हणून ती काम करते. तिथे विषाणू वाढवतात, त्याचा जनुकीय क्रम वाचतात आणि दोन गोष्टी पाहतात: तो लशीतल्या विषाणूपासून किती दूर गेला आहे, आणि औषधाला दाद देतो आहे का. ही दुसरी शंका पुस्तकी नाही. २००७-०८ च्या हंगामात तेव्हाचा हंगामी एच१एन१ ऑसेल्टामिविर या फ्लूच्या औषधाला दाद देईनासा झाला आणि बघता बघता तसाच जगभर पसरला. सुदैवाने २००९ च्या नव्या विषाणूने त्याची जागा घेतली, आणि हा नवा मात्र औषधाला दाद देणारा होता.

ज्या नमुन्यात ए सापडतो पण नेहमीचा एच१ही नाही आणि एच३ही नाही, तो सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं पुढे काय होतं ते प्रश्न १४ मध्ये.

७. घरच्या किटवर किंवा दवाखान्यातल्या झटपट चाचणीत निगेटिव्ह आलं. फ्लू नाही असं समजू?

नाही. झटपट अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी असते. निगेटिव्ह आली तर तिच्यावर भिस्त ठेवू नये, तिच्या नजरेतून बरेच रुग्ण सुटतात. 'क' गटातली लक्षणं असतील तर चाचणीच्या पट्टीकडे बघत बसू नका.

८. उद्रेक, साथ, महासाथ... नक्की फरक काय? आणि 'साथ आली' हे ठरवतं कोण?

एखाद्या गावात, शाळेत, वसतिगृहात अपेक्षेपेक्षा अचानक जास्त रुग्ण दिसले की तो उद्रेक. तेच मोठ्या भागात पसरलं की साथ. नवा विषाणू देशोदेशी पसरला की महासाथ. कळीचा शब्द 'अपेक्षेपेक्षा' हा आहे. ऑगस्टमध्ये पुण्यात शंभर रुग्ण ही बातमी नसेल, पण मे महिन्यात तीस रुग्ण ही नक्की बातमी आहे.

स्थानिक पातळीवर जिल्हा सर्वेक्षण अधिकारी किंवा महापालिकेचे आरोग्य अधिकारी मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडून उद्रेक ठरवतात. राज्य सरकारला विशेष अधिकार मिळतात ते १८९७ च्या साथरोग अधिनियमाने. मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळचा हा कायदा, जेमतेम काही कलमांचा. तेव्हाच्या घरझडत्यांनी पुण्यात काय घडलं ते शाळेतल्या इतिहासात सगळ्यांनी वाचलं आहे. सव्वाशे वर्षांनी कोविडमध्येही तोच बाहेर काढावा लागला.

९. आमच्या वाडीत एका आठवड्यात वीस-पंचवीस जणांना ताप आलाय. कोणाला सांगायचं, आणि सांगून होतं काय?

आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना थेट सांगितलं तरी चालतं. शहरात असाल तर महापालिकेचा जवळचा दवाखाना. सांगताना तीन गोष्टी सांगा: पहिला रुग्ण साधारण कधी, किती घरांत, आणि कोणी दाखल आहे का.

यानंतर तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं शीघ्र प्रतिसाद पथक येतं. त्यात साथरोगांचा जाणकार, डॉक्टर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतात. पक्षी किंवा जनावरं मेली असतील तर पशुवैद्यकही. घरोघरी फिरून यादी होते, कोणाला कधी ताप आला याचा आलेख काढतात, आणि मोजक्या रुग्णांचेच नमुने घेतात. यावर वाड्यावस्त्यांवर हमखास नाराजी होते: 'आमच्या पोराचा स्वॅब का नाही घेतला?' पाच-सहा नमुन्यांत विषाणू कळला की उरलेल्यांना तोच आहे असं धरून चालतात. मग जोखमीच्या माणसांना औषध, गंभीर रुग्णांना पुढे पाठवणं, आणि नवीन रुग्ण थांबेपर्यंत रोजची पाहणी.

पुष्कळदा तपासणीत फ्लूऐवजी डेंगी, चिकुनगुनिया किंवा लेप्टो निघतो. तुमचा निरोप तरीही वाया गेला नाही, उलट जास्त कामी आला.

१०. साथ असताना शाळा, थिएटरं बंद का करत नाहीत? विमानतळावर ताप मोजून लोकांना का अडवत नाहीत?

दोन्ही करून पाहिलं आहे. १६ मे २००९ रोजी हैदराबादमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला, तो अमेरिकेहून आलेला प्रवासी होता. तेव्हा विमानतळांवर जोरदार तपासणी चालू होती. पण लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि त्या अवधीत विमानातून उतरणाऱ्या माणसाला ताप नसतो. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतर शहराने तोंडाला रुमाल बांधला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या, आणि त्या रांगांत निरोगी माणसं आजाऱ्यांना चिकटून उभी राहिली. पुणे-मुंबईत शाळा आणि चित्रपटगृहं काही दिवस बंद राहिली.

विषाणू नवा असताना, त्याची दाहकता माहीत नसताना, वेळ मिळवण्यासाठी अशी बंदी समजण्यासारखी आहे. हंगामी फ्लूत तिचा उपयोग थोडा आणि नुकसान फार: कामावर जाणाऱ्या आईबापांची मुलं कोणी सांभाळायची? म्हणून आता सूचना साधी असते, आजारी मुलाला घरी ठेवा आणि शाळेने त्याची हजेरी कापू नये. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे शाळांचं सहसा लक्ष जात नाही.

११. टॅमिफ्लू आधीच आणून घरात ठेवावं का?

नको. ऑसेल्टामिविर हे त्यातल्या औषधाचं नाव. पूर्वी ते ठरावीक ठिकाणीच मिळायचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते औषधविषयक कायद्याच्या 'एच१' अनुसूचीत (विषाणूच्या एच१शी याचा संबंध नाही) आणल्यापासून साध्या मेडिकलमध्येही मिळू शकतं, पण चिठ्ठी लागते आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. सरकारी रुग्णालयांत ते मोफत आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर सर्वात जास्त फायदा. गंभीर रुग्णाला मात्र उशीर झाला तरी देतातच. 'अ' गटातल्या माणसाने घेऊन फारसं काही साधत नाही, आणि वापर बेफाम झाला तर प्रश्न ६ मधली गोष्ट पुन्हा घडायला वाट मिळते.

१२. लस कधी घ्यायची? दुकानात दोन प्रकारच्या मिळतात म्हणे, उत्तरेची आणि दक्षिणेची. आपण तर उत्तर गोलार्धात!

नकाशावर आपण उत्तरेत, फ्लूच्या पंचांगात मात्र बऱ्याच अंशी दक्षिणेकडे झुकलेले. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या. लंडन, अटलांटा, मेलबर्न, टोकियो आणि बीजिंग इथल्या केंद्रांकडे देशोदेशींहून आलेल्या विषाणूंवरून हे ठरतं. आपली एनआयव्ही त्यात भर घालते. अंदाज सहा-सात महिने आधी बांधावा लागतो, कारण लस तयार व्हायला तेवढा वेळ जातो.

भारतात फ्लूचे दोन चढ असतात, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात-पावसाळ्यानंतर. महाराष्ट्रात दुसरा चढ ठसठशीत असतो. म्हणून इथे एप्रिल-मेमध्ये, त्या वेळी उपलब्ध असलेली सर्वात ताजी लस घ्यावी, ती सहसा दक्षिणेची असते. काश्मीरमध्ये खरा मोसम हिवाळ्याचा, तिथे उत्तरेची लस ऑक्टोबरच्या आसपास. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि ते वर्षभरात ओसरतं. देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. महाराष्ट्रात गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या इतर गटांना ती सरकारी केंद्रांत मोफत देण्याची योजना आहे. साठा कधी येतो याची चौकशी आधी करून ठेवा, रुग्ण वाढल्याची बातमी आल्यावर नको.

१३. लस घेऊनही फ्लू झाला. मग पैसे पाण्यात?

लस आणि फिरणारा विषाणू चांगले जुळले त्या वर्षी दवाखान्यात जाण्याइतका आजार ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. न जुळल्यास त्याहूनही कमी. दाखल होण्याची वेळ टळते हा तिचा मोठा फायदा. आणि तुम्हाला झालेला ताप फ्लूचाच होता कशावरून?

१४. एकाच माणसात वेगळा फ्लू सापडला तर एवढी धावपळ का? इकडे हजारो साध्या फ्लूने आजारी आहेत.

कारण त्या एका विषाणूची ओळख कोणाच्याच शरीराला नसते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००७ पासून लागू आहेत. त्यांनुसार चार आजार असे आहेत, की त्यांचा एक रुग्ण सापडला तरी जगाला कळवावंच लागतं: देवी, नैसर्गिक विषाणूमुळे होणारा पोलिओ, सार्स, आणि नव्या उपप्रकारामुळे माणसाला झालेला फ्लू. मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांत. देशाची बदनामी होईल म्हणून झाकून ठेवायची मुभा नाही.

आपल्याकडे असं घडलेलं आहे. २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका लहान बाळात एच९एन२ हा पक्ष्यांमधला प्रकार सापडला. बाळ बरं झालं. जुलै २०२१ मध्ये हरियाणातल्या ११ वर्षांच्या मुलाचा दिल्लीत एच५एन१ने, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूने, मृत्यू झाला, माणसातला भारतातला तो पहिला नोंदलेला मृत्यू. अशा वेळी कुटुंब, डॉक्टर, परिचारिका, शेजारी सगळ्यांची यादी करून त्यांच्यावर लक्ष ठेवतात. शोधायचं असतं ते एवढंच: हा माणसाकडून माणसाकडे गेला का? 'नाही' असं खात्रीने कळेपर्यंत कोणी सुटकेचा श्वास घेत नाही.

१५. बर्ड फ्लू आला की सरसकट कोंबड्या का मारतात? औषध किंवा लस का देत नाहीत?

भारतात पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. तेव्हापासून पद्धत बरीच घोटून तयार झाली आहे. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. तिथून एच५एन१ पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारून पुरतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. मारणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षक पोशाख आणि प्रतिबंधक औषध असतं, आणि नंतर दहा दिवस त्यांच्या तब्येतीवर नजर.

लस दिली तर पक्षी आजारी दिसत नाही, पण विषाणू पसरवू शकतो, आणि मग साथ दिसेनाशी होते. हे कारण पुढे करून भारताने या विषाणूविरुद्ध कोंबड्यांना लस न देण्याचं धोरण ठेवलं. काही देश देतात. वाद अजून मिटलेला नाही.

भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात, आणि ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. म्हणजे जितक्या उशिरा कळवाल तितकं नुकसान तुमचंच. पोल्ट्रीवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. परसातल्या चार-सहा कोंबड्या पाळणारीला ते कोणी सांगितलेलं नसतं, आणि मेलेली कोंबडी ओढ्यात टाकली जाते.

१६. मग चिकन, अंडी खायची की नाही?

नीट शिजवलेली खा. आतपर्यंत ७० अंशांवर विषाणू टिकत नाही, आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. धोका कच्चं मांस हाताळण्यात आणि मेलेला पक्षी सोलण्यात आहे. मांजर-कुत्र्यालाही तो कच्चा घालू नका. नागपूरजवळच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१नेच दगावले.

१७. आपले विषाणू परदेशी प्रयोगशाळांना का द्यायचे? त्यातून लस ते बनवणार आणि आपल्यालाच विकणार!

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो इंडोनेशियाने फार पूर्वी विचारला. २००७ मध्ये त्या देशाने आपल्याकडचे एच५एन१चे नमुने देणं थांबवलं: विषाणू आमचा, लस श्रीमंतांची, हे चालणार नाही. जगाची पाहणी तेव्हा चांगलीच आंधळी झाली. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०११ मध्ये एक करार-चौकट ठरली: देशांनी महासाथीची शक्यता असलेले विषाणू द्यायचे, आणि त्यांचा वापर करणाऱ्या कंपन्यांनी पैसे द्यायचे, शिवाय महासाथ आलीच तर लस-औषधांचा काही वाटा राखून ठेवायचा. कागदावर हे न्याय्य आहे. कोविडच्या लशींचं वाटप ज्यांनी पाहिलं त्यांना शंका आली तर त्यांचं चुकत नाही. पण नमुने न दिल्यास लशीतला विषाणू आपल्याकडच्या विषाणूशी जुळेल याची शाश्वती आणखी कमी होते, आणि तो तोटा कोणाच्या विरोधात तक्रार करून भरून निघत नाही.

१८. वडील खासगी रुग्णालयात वारले. डॉक्टर म्हणाले स्वाइन फ्लू, पण महापालिकेच्या यादीत नावच नाही. असं कसं?

याची कारणं बहुधा चारांपैकी एक असतात. नमुनाच घेतला गेला नाही, किंवा आजाराच्या फार उशिरा घेतला आणि निगेटिव्ह आला. मग नोंद 'संशयित' राहते. दुसरं, मृत्यू परीक्षण समितीची बैठक व्हायची असते. प्रत्येक मृत्यूचे कागद तिच्यापुढे जातात, कधी दाखल झाले, औषध कितव्या दिवशी सुरू झालं, मुळात कोणते आजार होते, हे पाहून ती मूळ कारण ठरवते, आणि तोवर आकडा जाहीर होत नाही. तिसरं, तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातले असाल तर रुग्णालयाच्या शहरात नोंद 'हद्दीबाहेरील' म्हणून वेगळी होते आणि राहत्या जिल्ह्याकडे जाते. शोधायचं तर तिथे. चौथं, रुग्णालयाने कळवलंच नाही. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांची प्रत तुम्हाला मागता येते. ती घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, किंवा ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज करा.

१९. अशी सुटलेली नावं कधीच मोजली जात नाहीत का?

नावानिशी नाही. पण फ्लूच्या मोसमात सगळ्या कारणांनी मिळून झालेले मृत्यू आणि एरवी त्या महिन्यांत होणारे मृत्यू यांतली तफावत काढता येते. न्यूमोनिया, हृदयविकार, मधुमेह अशा नावांखाली गेलेले, पण फ्लूने ढकललेले मृत्यू त्या तफावतीत दिसतात. यासाठी मृत्यूनोंदणी पूर्ण आणि कारणासह व्हावी लागते, आणि आपल्याकडे कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले मृत्यू अजून थोडेच आहेत.

१९१८ च्या फ्लूचा हिशेब असाच मागाहून लागला. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला, आणि मृत्यू लिहून घेणारे कारकून आणि कोतवालही त्यात आजारी पडले किंवा गेले. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारतात असं एकाच दशकात घडलं आहे. आज आपण जो एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख मृत्यूंचा अंदाज वाचतो, तो रुग्णालयांच्या याद्यांमधून आलेला नाही; जी माणसं शिरगणतीत असायला हवी होती आणि नव्हती, त्यांच्यावरून तो काढलेला आहे.